समुद्राचे मुद्दल आणि व्याज

सावकारी व्यवहारातला एक साधा नियम आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतो. व्याज खावे, मुद्दलाला हात लावू नये. शेतकरी बियाणे राखून ठेवतो, धनगर कळपातल्या माद्या सहसा विकत नाही, बागाईतदार झाड तोडून फळ काढीत नाही. या सगळ्यांच्या मुळाशी हाच नियम आहे. समुद्रातली मासळी हेही असेच एक मुद्दल आहे. मासे वाढतात, अंडी घालतात, त्यांची पिल्ले मोठी होतात आणि दरसाल काही भर पडते. ती भर तेवढी काढली तर मुद्दल कायम राहते. भरीपेक्षा अधिक काढले तर मुद्दल झिजू लागते.

नियम इतका सोपा असताना जगातल्या मोठमोठ्या राष्ट्रांनी तो का मोडला, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर केवळ लोभ हे नाही. लोभ होताच, परंतु त्याहून मोठी अडचण अशी की, समुद्राच्या पेढीत आपले खातेपुस्तक कोणी दाखवीत नाही. मुद्दल किती आणि व्याज किती हे तिथे लिहिलेले नसते. शेतकऱ्याला आपली कणगी दिसते, धनगराला मेंढरे मोजता येतात. मासे मात्र पाण्याखाली असतात, हिंडत असतात आणि एकमेकांना खातही असतात. मासे मोजणे हे झाडे मोजण्याइतकेच सोपे आहे, फक्त ते दिसत नाहीत आणि एका जागी राहत नाहीत, असे या शास्त्रातले लोक विनोदाने म्हणतात. या न दिसणाऱ्या मुद्दलाचा हिशेब कसा मांडतात आणि तो चुकला तर काय होते, एवढेच या लेखात आम्हाला सांगायचे आहे.

समुद्र अक्षय आहे काय?

१८८३ साली लंडन येथे एक आंतरराष्ट्रीय मत्स्यप्रदर्शन भरले होते. त्या प्रसंगी टॉमस हेन्री हक्स्ली या थोर प्राणिशास्त्रज्ञाने असे मत मांडले की, कॉड, हेरिंग यांसारख्या मोठ्या सागरी मासळीचा साठा अक्षय आहे. माणसाने कितीही मासे धरले तरी त्याचा परिणाम जाणवणार नाही. हक्स्लीला अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे की, नदीतला सामन मासा किंवा कालवे ही संपू शकतात हे त्याने मान्य केले होते, आणि आपले मत त्या काळच्या मासेमारीच्या पद्धतींपुरते आहे असेही त्याने म्हटले होते. तथापि लोकांनी अट विसरून निष्कर्ष तेवढा लक्षात ठेवला. त्या वेळी मुख्य भर शिडाच्या होड्यांवर होता. पुढे वाफेची यंत्रे आली, मग डिझेलची आली, तळ खरवडीत जाणारी ट्रॉलरची जाळी मोठी झाली, आणि हक्स्लीची अट कधीच मागे पडली.

विशेष म्हणजे या प्रश्नावर एक प्रचंड प्रयोग आपोआप घडून आला. १९१४ ते १९१८ आणि पुन्हा १९३९ ते १९४५ या युद्धकाळांत उत्तर समुद्रातली मासेमारी फारच कमी झाली. युद्ध संपल्यावर बोटी पुन्हा बाहेर पडल्या तेव्हा जाळ्यांत पूर्वीपेक्षा अधिक आणि मोठे मासे येऊ लागले. पण काही वर्षांतच पकड पुन्हा उतरली. युद्धाने समुद्राला विसावा दिला होता आणि तो विसावा माशांना मानवला होता. मासेमारीचा परिणाम साठ्यावर होतो, याला यापेक्षा स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

मोजण्याच्या रीती

न दिसणारे मासे मोजावेत कसे? पहिली रीत खुणेची. डेन्मार्कच्या पीटरसन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चपट्या प्लेस माशांना खुणा बांधून त्यांना पुन्हा पाण्यात सोडले, आणि नंतरच्या पकडीत खुणेचे किती सापडतात ते पाहिले. त्यातून निघालेला हिशेब त्रैराशिकाचा आहे. एखाद्या खाडीत आपण ५०० मासे खूण करून सोडले. ते इतरांत मिसळल्यावर १,००० मासे धरले, त्यांत ५० खुणेचे निघाले. म्हणजे विसात एक खुणेचा. खुणेचे एकूण ५०० असतील तर खाडीत सुमारे १०,००० मासे असले पाहिजेत. मात्र खुणेचे मासे मेले नाहीत, खुणा गळाल्या नाहीत आणि मासे खाडीबाहेर गेले नाहीत, हे गृहीत धरावे लागते.

दुसरी रीत शास्त्रीय जहाजाची. ठराविक मापाचे जाळे, ठराविक वेगाने, ठराविक वेळ, समुद्राच्या निरनिराळ्या भागांत ओढायचे. ठिकाणे मासे मिळण्याच्या आशेने निवडायची नाहीत, तर आधी ठरलेल्या नियमाने. हे दरसाल केले म्हणजे साठा वाढतो की घटतो याचा अंदाज येतो. ध्वनीच्या लहरी पाण्यात सोडून थव्यांवरून येणारा प्रतिध्वनी मोजणे, किंवा पाण्यात तरंगणारी अंडी मोजून ती घालणाऱ्या माद्यांचा हिशेब मागे लावणे, याही रीती आहेत.

तिसरी रीत वयाची, आणि आमच्या मते ती सर्वांत मनोरंजक आहे. माशाच्या कानात चुन्याचा एक बारीक खडा असतो. थंड प्रदेशात उन्हाळ्यात मासा झपाट्याने वाढतो, हिवाळ्यात वाढ मंदावते, आणि झाडाच्या बुंध्याप्रमाणे त्या खड्यात दरसालचे एक वलय उमटते. खवल्यांवरही अशी वलये असतात. नॉर्वेच्या योहान योर्ट याने हेरिंग माशांची वये अशी वाचून १९१४ मध्ये दाखवून दिले की, समुद्रात दरसाल सारखी पिल्ले जगत नाहीत. १९०४ साली जन्मलेल्या हेरिंगांची पिढी इतकी मोठी निघाली की, पुढे कित्येक वर्षे नॉर्वेच्या पकडीत तिचाच भरणा होता. एका सुकाळाच्या सालावर कोळ्यांची अनेक वर्षे निघतात, आणि त्या अवधीत दुसरे चांगले साल आले नाही तर दुष्काळ पडतो.

वये कळली की मृत्यूचे प्रमाण काढता येते. काही थंड पाण्यांतल्या माशांत, माणसाने हात न लावता, शंभरातले सुमारे १८ मासे दरसाल मरतात, ८२ उरतात. मासेमारीनेही तेवढाच भार घातला तर वर्षाअखेर ६७ उरतात. भार चौपट केला तर केवळ ३७. आता हा हिशेब तीन वर्षे चालवा. हलक्या मासेमारीत शंभरातले ३० जगतात, भारी मासेमारीत फक्त पाच. म्हणजे बंदरावरच्या टोपलीत मोठे, वयस्क मासे किती दिसतात यावरूनच समुद्रावरचा भार ओळखता येतो. मोठी मादी लहान मादीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते. ती टोपलीतून नाहीशी होणे हे केवळ चवीचे नुकसान नव्हे.

पकड भरपूर, तरी चिंता का?

येथे एक शंका सहज येते. इतका खटाटोप कशाला? बंदरावर दरसाल किती मासळी उतरते ते पाहावे. ती कायम असेल तर सारे ठीक, घटली तर काळजी. हे म्हणणे वरवर पटते, पण ते फसवे आहे. का ते पाहण्यासाठी थोडे गणित करू.

१९५४ साली मिलनर शेफर या अमेरिकन शास्त्रज्ञाने साठा आणि वाढ यांचा संबंध एका सोप्या सूत्रात मांडला. साठा पूर्ण भरलेला असेल तर अन्न आणि जागा अपुरी पडते, त्यामुळे निव्वळ भर पडत नाही. साठा अगदी थोडा असेल तर वाढणारेच थोडे, म्हणून भर थोडी. मध्ये कुठेतरी भर सर्वांत जास्त असते. शेफरच्या सूत्राप्रमाणे साठा निम्मा असताना. या सर्वांत जास्त भरीलाच कमाल टिकाऊ उत्पन्न म्हणतात.

समजा, न मारलेला साठा १,००० टन आहे, आणि वाढीचा वेग असा आहे की साठा ५०० टन असताना दरसाल १०० टनांची भर पडते. याच सूत्राने साठा ७५० टन असताना भर ७५ टन येते, आणि साठा २५० टन असतानाही ७५ टनच येते. म्हणजे दोन बंदरांवर दरसाल नेमकी ७५ टन मासळी उतरत असेल, तर एकाच्या समुद्रात ७५० टन असतील आणि दुसऱ्याच्या २५०. नुसती पकड पाहून कोणते बंदर श्रीमंत आणि कोणते कर्जबाजारी हे सांगता येणार नाही. पहिले बंदर शंभरातले दहा मासे काढते, दुसरे तीस. फरक पकडीत नाही, प्रमाणात आहे.

आता दुसऱ्या बंदराने आपण श्रीमंत आहोत अशा समजुतीने दरसाल १०० टन काढायचे ठरवले तर काय होईल? पहिल्या वर्षाअखेर २२५ टन उरतील, दुसऱ्या वर्षी १९५, तिसऱ्या वर्षी १५७, चौथ्या वर्षी १११, पाचव्या वर्षी ५०, आणि सहाव्या वर्षी १०० टन मिळणारच नाहीत. पहिली दोन वर्षे घट किती किरकोळ वाटते ते वाचकांनी पाहावे. नाश प्रथम हळू चालतो आणि अखेरीस धावतो. शिवाय पाचव्या वर्षापर्यंत पकड शंभर टनच राहते. कागदावर काहीच बिघडलेले दिसत नाही.

म्हणून या शास्त्रात दोन प्रश्न वेगळे विचारतात. एक, साठ्यातला कितवा भाग आपण दरसाल मारतो? दोन, अंडी घालण्याजोगे मासे किती उरले आहेत? १९५७ साली इंग्लंडमधील लोस्टॉफ्टच्या प्रयोगशाळेतल्या बेव्हर्टन आणि होल्ट या दोघांनी माशांचे वय, वाढ, मृत्यू आणि जाळ्याच्या आसाचे माप या सर्वांची गणिती सांगड घातली. आस मोठा ठेवला तर कोवळा मासा निसटतो आणि पुढे वजनाने भरतो, हे त्यांच्या हिशेबातून मोजून दाखवता आले.

न्यूफाउंडलंडचा धडा

हिशेब चुकल्यास काय होते याचे जगातले सर्वांत दुःखद उदाहरण कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळचे आहे. १४९७ साली जॉन कॅबट तिथे पोहोचला, तेव्हा कॉड मासे टोपलीने उपसता येत होते अशी वार्ता युरोपात गेली. पुढे सुमारे पाच शतके त्या माशावर गावे वसली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर परदेशांची प्रचंड ट्रॉलर-जहाजे आली आणि १९६८ साली उत्तरेकडच्या कॉडची पकड आठ लाख टनांपर्यंत चढली. त्यानंतर ती कोसळली. १९७७ साली कॅनडाने २०० मैलांची हद्द जाहीर करून परक्यांना बरेचसे दूर केले. आता साठा आपल्या हाती आला, आपण तो शास्त्रशुद्ध रीतीने राखू, असा विश्वास सर्वांना वाटला.

धोरणही वाईट नव्हते. दरसाल साठ्याचा सुमारे पाचवा भाग काढायचा, एवढीच मर्यादा ठेवली होती. परंतु पाचवा भाग कशाचा? साठा मोजण्यासाठी दोन आधार होते: शास्त्रीय जहाजाची पाहणी, आणि व्यापारी ट्रॉलरना दर तासाला मिळणारी मासळी. पाहणीचे आकडे दरसाल खालीवर होत. ट्रॉलरचे आकडे मात्र चांगले, वाढतेच दिसत. येथेच घात झाला. ट्रॉलरचा कप्तान मासे जिथे असतात तिथेच जातो. तो यादृच्छिक जागा निवडीत नाही. साठा घटू लागला तरी उरलेले कॉड दाट थवे करून राहत होते, आणि नवी यंत्रे त्या थव्यांपर्यंत अचूक पोहोचत होती. शंभर घरांचे गाव उजाड होत असले तरी उरलेली माणसे चावडीपाशी जमत असतील, तर चावडीवर बसून गर्दी मोजणाऱ्याला गाव भरलेलेच वाटणार. तसेच हे झाले.

किनाऱ्याजवळ लहान होड्यांतून मासे धरणारे कोळी मात्र वेगळेच सांगत होते. आमच्याकडे मासा येत नाही, येतो तो लहान येतो, अशी त्यांची तक्रार १९८० नंतरच्या दशकात वाढत गेली. त्यांच्या संघटनेने १९८६ साली स्वतंत्र तज्ज्ञांकडून सरकारी हिशेबाची तपासणीही करवली. मासा किनाऱ्याला न येण्याची कारणे अनेक असू शकतात, म्हणून त्यांच्या म्हणण्याला वजन कमी मिळाले. १९८९ मध्ये शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आले की, साठा पूर्वी मानला होता त्याहून पुष्कळ लहान आहे, आणि पाचवा भाग काढतो असे समजत असताना प्रत्यक्षात दुपटीहून अधिक भार पडत आला आहे. तेव्हाही पकडीची मर्यादा एकदम खाली आणण्याचे धैर्य राज्यकर्त्यांना झाले नाही, कारण हजारो कुटुंबांची चूल त्यावर होती. अखेर २ जुलै १९९२ रोजी मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांवर माणसांचा रोजगार एका घोषणेने गेला. त्या वर्षांत पाणीही नेहमीपेक्षा थंड होते आणि त्याचाही वाटा असावा. पण दुबळ्या झालेल्या साठ्यालाच असे संकट झेपत नाही. काही वर्षांची म्हणून आलेली बंदी ३२ वर्षे चालली. २०२४ मध्ये ती उठली तेव्हा मर्यादा ठरली १८,००० टनांची. १९६८ च्या आठ लाखांशी वाचकांनी ती ताडून पाहावी.

आपल्या किनाऱ्यावर

हे सारे परक्या समुद्राचे झाले. पण प्रश्न आपल्याही दारात आहे. मात्र आपल्याकडचे काम काही अंगांनी अधिक अवघड आहे. थंड समुद्रात एका जाळ्यात मुख्यतः एकच जात येते. आपल्याकडे एका डोलीत बोंबील, मांदेली, जवळा, कोळंबी आणि कशाकशाची पिल्ले एकत्र येतात. ऋतूंच्या तापमानात मोठा फरक नसल्याने वयाची वलये अस्पष्ट असतात. म्हणून आपले शास्त्रज्ञ शेकडो माशांची लांबी मोजून त्यावरून वाढ आणि मृत्यू काढतात. शिवाय मासळी एका बंदरात उतरत नाही, ती शेकडो लहानमोठ्या किनाऱ्यांवर उतरते. १९४७ साली सुरू झालेली आणि आज कोचीला असलेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था त्यासाठी नमुना-पद्धती वापरते: काही बंदरे, काही दिवस, काही होड्या निवडून त्यांवरून एकंदर अंदाज बांधते.

प्रत्येक घट मासेमारीचीच असते असेही नाही. केरळात २०१२ साली तारली जवळजवळ चार लाख टन मिळाली होती. २०२१ मध्ये ती साडेतीन हजार टनांच्याही खाली आली. तारली ही अल्पायुषी, पाण्याच्या लहरीवर नाचणारी जात. तिच्या घटीत समुद्राच्या हवामानाचा हात मोठा असतो. तथापि वाईट साल आले असता पिल्ले धरणे चालूच ठेवले, तर पुढच्या चांगल्या सालाला बियाणे उरत नाही.

आकड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ साली या संस्थेने देशातले १३५ साठे तपासले, त्यांपैकी ९१.१ टक्के सुस्थितीत आढळले. जगाचे चित्र याहून मलूल आहे: संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या मोजणीप्रमाणे १९७४ मध्ये जगातले सुमारे १० टक्के साठे अतिमासेमारीखाली होते, २०२१ मध्ये ३७.७ टक्के झाले. आपल्याकडचा आकडा समाधानाचा खरा. परंतु एका किनाऱ्याची सरासरी ही सातपाटीच्या कोळ्याच्या पापलेटाचा हिशेब नव्हे. सरासरीत बांगडा चांगला आणि पापलेट वाईट हे दोन्ही बुडून जाते. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटाला राज्यमाशाचा मान दिला आणि त्याच वर्षी पन्नासांहून अधिक जातींसाठी धरण्याची किमान लांबी ठरवली, ती याच चिंतेतून.

आपल्या पूर्वजांना हे सूत्र माहीत नव्हते, पण आचार माहीत होता. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून मगच होड्या लोटायच्या, ही रीत वादळापासून जीव वाचवणारी होती आणि अंडी घालणाऱ्या मासळीलाही सवड देणारी होती. आजची १ जून ते ३१ जुलै अशी पश्चिम किनाऱ्यावरची बंदी हे त्याच आचाराचे कायद्यातले रूप आहे. मात्र बंदीने वेळ मिळतो, मोजमाप मिळत नाही. दहा महिन्यांत बोटींची अश्वशक्ती दुप्पट झाली तर दोन महिन्यांची सवड कुठल्या कुठे वाहून जाते. किमान लांबीचेही तसेच आहे. बारीक आसाच्या जाळ्यात आलेला लहान मासा वर येईपर्यंत बहुधा मेलेला असतो. त्याला फेकून देऊन कायदा पाळला जाईल, मासा वाचणार नाही. म्हणून पट्टी बाजारात लावण्याआधी जाळ्याला लावली पाहिजे.

हिशेब अपुरा असेल तेव्हा काय करावे? न्यूफाउंडलंडने हे शिकवले की, अनिश्चितता ही अधिक मासे धरण्याची सबब होऊ शकत नाही. अंदाज जितका कच्चा तितका हात आखडता ठेवावा. आणि मोजणी एकाच खिडकीतून करू नये. शास्त्रीय जहाज, बंदरावरची मोजपट्टी आणि तांडेलाची वही या तिन्ही साक्षी एकत्र घ्याव्यात. त्या एकमेकींशी जुळत नसतील, तर सोयीची साक्ष निवडण्याऐवजी त्या का जुळत नाहीत ते शोधावे.

शेवटी हेही ओळखले पाहिजे की, मुद्दल खाल्ल्याचा दंड सर्वांना सारखा बसत नाही. मोठ्या बोटीचा मालक दूरच्या पाण्यात जातो किंवा भांडवल दुसऱ्या धंद्यात घालतो. लहान होडीच्या नाखव्याला आणि टोपली डोक्यावर घेऊन बाजार गाठणाऱ्या कोळणीला दुसरा समुद्र नसतो. तेव्हा यंदा मासळी किती आली, एवढा एकच प्रश्न विचारून आपले समाधान होऊ नये. समुद्रात होती त्यातली कितवा हिस्सा आली, आलेल्यांत अंडी घालून आलेली किती आणि कोवळी किती, आणि हे कोणी मोजले, हेही आपण विचारले पाहिजे. हे प्रश्न विधिमंडळात, सहकारी संस्थेच्या सभेत आणि बाजारातही विचारता येतात. त्यांची उत्तरे देता यावीत एवढी व्यवस्था आपण उभी केली, तर व्याज किती आणि मुद्दल किती हे कळेल. मग किती खावे हे ठरवायला फारसे शास्त्र लागणार नाही.